धाकटीचं बटण

माझ्या धाकट्या जावेबद्दल कुणालाही विचारा, सगळे चांगलंच बोलतील. दूधवाला बोलेल, कोपऱ्यावरचा औषधवाला बोलेल, आमच्या शिलाईच्या कारखान्यातला इस्त्रीवाला तर स्टूल ओढून बसेल आणि तुम्हाला उठू देणार नाही. मला विचारलंत तर मी खरं काय ते सांगेन. तिचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं. आजही दुखतं. ती वाईट असती तर किती बरं झालं असतं, निदान चार बायकांत बसून तिच्या नावाने बोटं मोडता आली असती. तिने ती सोयही ठेवली नाही.

तिला कारखान्यात आणलं कुणी? मी. धाकट्या दिरांशी लग्न होऊन आली तेव्हा तिला मशीनच्या सुईत दोरा ओवायची भीती वाटायची. मी तेव्हा बाह्या बसवत होते. शिलाईतलं कुणी ओळखीचं असेल तर विचारा बाही बसवणं म्हणजे काय ते. सरळ शिवण कुणीही मारतं. बाही गोल फिरते, खांद्याशी जरा सैल घ्यावी लागते, आणि एक सुरकुती पडली की अख्खा शर्ट वाकडा दिसतो. ते काम माझं होतं, अजूनही आहे. धाकटीला मी नवख्यांच्या टेबलाशी बसवलं, काज-बटणांच्या. वाटलं, बसेल थोडे दिवस, कंटाळेल, घरी जाईल.

ती कंटाळली नाही. ती डावखुरी आहे. खिडकीकडे पाठ करून बसायची आणि बटण लावताना जिभेचं टोक ओठांत धरायची, लहान मूल चित्र रंगवताना धरतं तसं. बाकीचे बटणाच्या चार भोकांतून दोऱ्याची फुली काढतात. ही दोन सरळ रेघा काढायची, शेजारी शेजारी. मागे गाठ कधी दिसू द्यायची नाही, बटणाखाली लपवून टाकायची. मालकांनी एकदा एक शर्ट उचलला, उलटा करून बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "असं काम हवं. उलटं केलं तरी सुलटं वाटलं पाहिजे." त्या शर्टाच्या बाह्या मी बसवल्या होत्या. त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. त्या दिवशी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो पुढे कधी पुरता शांत झालाच नाही.

मालकांच्या काळावरून आमच्याकडे अजून वाद होतात. मी म्हणते, तेव्हा शांतता होती. मालक सकाळी शटर वर करायचे, कुठलं कापड, कुठला दोरा, कोण कुठे बसणार, सगळं त्यांच्या डोक्यात. आपण मान खाली घालून शिवायचं. वर तोंड करून बोलायची कुणाची टाप नव्हती, त्यामुळे भांडणही नव्हतं. मग मालक अंथरुणाला खिळले. त्यांची वाचा गेली, आणि कारखाना कसा चालतो हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगा सांगायचा निळा दोरा घ्या, पुतण्या सांगायचा काळा घ्या. कटिंगवाले मुलाच्या बाजूचे, मशीनवाले पुतण्याच्या. वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून बसलेली माणसं एकमेकांच्या कात्र्या लपवायला लागली. एका सकाळी येऊन बघतो तर मशिनांचे पट्टे कापलेले. कुणी कापले ते आजपर्यंत कळलेलं नाही. शटर खाली आलं ते एक अख्खा हंगाम खालीच राहिलं.

शेवटी मुलगा आणि पुतण्या दोघेही कंटाळले आणि कारखाना आम्हा कामगारांच्या गळ्यात पडला. आता सांगणार कोण? इस्त्रीवाला म्हणाला, दरवर्षी एकाला निवडू या. चिठ्ठ्या टाकायला मात्र कुणी तयार होईना. मशीनवाल्यांचा कटिंगवाल्यांवर विश्वास नव्हता आणि कटिंगवाल्यांचा कुणावरच नव्हता. चिठ्ठी बदलता येते, गिळता येते. मग आमच्याच कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून ते बटण निघालं. ट्रायलच्या खोलीत, पडद्याआड, दोन कापडं टांगायची. जे दोघं उभे असतील त्यांचं एकेक. प्रत्येकाने एकट्याने आत जायचं, हव्या त्या कापडावर एक बटण शिवायचं आणि बाहेर यायचं. बटणं सगळी सारखी पांढरी, दोराही एकच पांढरा. शिवलेलं बटण कुणी हळूच उपटलं तर कापडाला भोकं दिसणार. आहे की नाही डोकं!

असला वेडेपणा फक्त शिवणारी माणसंच करू शकतात. बटण सारखं, दोरा सारखा, म्हणजे मत गुप्त, असं आम्ही धरून चाललो. जन्मभर एकमेकांच्या शिवणी उसवून नीट करणाऱ्यांना एकमेकांचा हात ओळखू येणार, हे कुणाच्या मनातच आलं नाही. पहिल्या वर्षी कापडं बाहेर आणली आणि बटणं मोजायच्या आधीच सगळ्यांना सगळं कळलं. इस्त्रीवाल्याचं बटण पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं हलत होतं. कापडाच्या कडा बांधणारी ओव्हरलॉकवरची बाई, जिला आम्ही रेडिओ म्हणतो, ती जशी बोलते तशीच शिवते, थांबतच नाही. तिच्या बटणाखाली दोऱ्याचा हा एवढा गोळा. सगळ्यांनी बघितलं आणि सगळे छताकडे बघायला लागले. तेव्हापासून आमचा तोच रिवाज. ओळखायचं सगळं, बोलायचं काही नाही.

पहिल्या वर्षी इस्त्रीवाला मुख्य झाला. त्याने पंखे हलवले. दुसऱ्या वर्षी रेडिओ झाली. तिने पंखे परत जागेवर आणले आणि चहाची वेळ बदलली. मी घरी म्हणायचे, "हे काय चाललंय? दरवर्षी नवा राजा. कशाचा कशाला पायपोस नाही." आमचे हे कटिंगवर आहेत, मोठी कात्री चालवतात, बोलतात कमी. ते म्हणायचे, "पंखेच हलतायत ना? पट्टे तर कुणी कापत नाहीये."

तिसऱ्या वर्षी मी उभी राहिले. सगळ्यात जुनी मी, सगळ्यात अवघड काम माझं. समोर कुणी उभं राहील असं वाटलंही नव्हतं. मग एका दुपारी धाकटी माझ्या मशीनपाशी आली. "ताई, सगळे मला उभं राहा म्हणतायत. तुम्हाला चालेल ना?"

"चालेल की. न चालायला काय झालं?" मी म्हणाले, आणि त्या दिवशी पायाखालची फळी इतकी जोरात दाबली की सुई मोडली.

ती जिंकली. निसटती नाही, चांगली घसघशीत. मी हसून तिच्या पाठीवर थाप मारली, सगळे चहाला गेल्यावर तिचं कापड काढलं आणि खिडकीपाशी नेऊन एकेक बटण बघितलं. एका बटणाभोवती कापड चुण्या पडून आवळलं होतं. इतका ओढून दोरा कारखान्यात एकच माणूस मारतो. मोठ्या कात्रीची सवय झालेला हात, सुई धरली तरी कात्रीसारखीच धरतो. माझ्या नवऱ्याचा हात.

संध्याकाळी घरी मी ताट आपटलं. "तुमचं बटण कुठे होतं?"

"अगं, विचारायचं नसतं ते."

"कुठे होतं?"

त्यांनी पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. "तू बाह्या बसवतेस तोवर कारखान्याला तुझा आधार आहे. तुला त्या खुर्चीत बसवलं तर तू एकेकाला फाडून खाशील. मी घरी सहन करतो, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही. धाकटीशी तर नाहीच. एका घरात, एका ओट्यापाशी उभं राहून न बोलणं सोपं नसतं, पण मी ते करून दाखवलं. ती आपली "ताई, मीठ घेऊ?" "ताई, दिवा लावू?" करत राहायची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. भांडायला तरी यावं माणसाने.

तिच्या वर्षात कारखान्यात काय झालं म्हणाल तर विचारणं झालं. प्रत्येक गोष्ट कटिंगच्या टेबलाभोवती उभं राहून विचारायची. खिसे आधी की कॉलर आधी? हात वर करा. खिडकी उघडी की बंद? हात वर करा. एका दवाखान्याचे पांढरे कोट शिवायचं मोठं काम आलं, त्यांना घाई होती. सुट्टीच्या दिवशी यायचं का, तिने विचारलं. यायचं नाही, असे हात वर झाले. तिने दवाखान्याला फोन करून सरळ सांगितलं की उशीर होईल. त्यांनी अर्धं काम दुसरीकडे दिलं. माझ्या मनात काय झालं ते खरं सांगते, उकळ्या फुटल्या. कारखान्याचं नुकसान झालं आणि मला गोड वाटलं.

त्याच आठवड्यात मी रस्त्यापलीकडच्या रिकाम्या दुकानाची चौकशी केली. 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती, आत भरपूर उजेड. मशिनं सगळ्यांची असतील तर त्यातली अर्धी आमची, असा माझा हिशेब. कॉलरवाल्या बायका माझ्या बाजूच्या होत्या, त्यांना पटवलं. आणि एका दुपारी, डबे खाऊन झाल्यावर, मी उभी राहिले आणि बोलले. म्हटलं, असं हात वर करत बसलो तर सगळे हात चोळत बसू. एक तर माणूस बदला, नाही तर मी चालले समोर. येणारे माझ्याबरोबर येतील, आपापली मशिनं घेऊन.

रेडिओसुद्धा गप्प झाली, यावरून समजा. पट्टे कापलेली ती सकाळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली असणार. इस्त्रीवाला मशिनांच्या आणि आमच्या मध्ये येऊन उभा राहिला, हातात गरम इस्त्री तशीच.

धाकटी बटणांचा डबा घेऊन उठली. "मग आजच बटणं लावू."

"वर्ष कुठे संपलंय अजून?" इस्त्रीवाला म्हणाला. "तुला निवडलंय आम्ही."

"नसू दे संपलं. ताईंना वाटतं मी नको. आणखी कुणाकुणाला वाटतं ते बघू की."

कापडं टांगली. एकेक जण पडद्याआड गेला आणि आला. बाहेर कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कापडं बाहेर आली तेव्हा इस्त्रीवाल्याने बटणं दोनदा मोजली, मग रेडिओने मोजली. मी जिंकले होते. एका बटणाने.

धाकटीने मुख्याकडे असते ती कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली, "दार जरा वर उचलून फिरवावी लागते," म्हणाली, आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. कोटांची बटणं अर्धी राहिली होती. तिने जिभेचं टोक ओठांत धरलं आणि जिथे सोडलं होतं तिथून सुरुवात केली. मी खुर्चीत बसून बघत होते. रडेल, डोकं दुखतंय म्हणून घरी जाईल, निदान एखादं बटण वाकडं लावेल. काही नाही. संध्याकाळी ती काहीतरी गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे घरी जायला निघाल्यावर मी माझं कापड घडी करून ठेवायला घेतलं. जिंकलेलं कापड आहे, जपून ठेवावं. आणि मधोमध, चुण्या नसलेलं, गाठ नसलेलं एक बटण. दोन सरळ रेघा, शेजारी शेजारी. मी कापड उलटं केलं. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ.

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. ती दाराशी चप्पल घालत होती. मी कापड तिच्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे?"

"बटण आहे, ताई."

"कुणाचं?"

"आपण विचारत नाही ना?"

"मी विचारतेय."

तिने एक चप्पल काढली, परत घातली. "माझं."

"दया आली माझी? की मोठेपणा दाखवायचा होता?"

"छे हो. तुमच्यासाठी लावलंच नाही ते." हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला तिची मान मुरगळावीशी वाटली. "आत गेले तेव्हा वाटलं, अगदी थोड्याने इकडे-तिकडे होणार. मी जिंकले असते तर तुम्ही समोर गेला असतात. मशिनं ओढताना मारामारी झाली असती. मागच्या वेळी पट्टे कापले, या वेळी काय कापलं असतं कुणास ठाऊक. मी हरले तर मी कुठे जाणार? इथेच बसणार. मग मी हरलेलंच बरं, नाही का?"

"म्हणजे मला हरता येत नाही?"

तिने जरा विचार केला. खोटं बोलायला वेळ घेतेय असं मला वाटलं, पण ती खरंच विचार करत होती. "मागच्या वेळी हरलात तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही आहात, ताई," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा बोललात."

मी खुर्चीत बसले ते वर्ष कसं गेलं ते दुसऱ्यांना विचारा. मी माझ्या तोंडाने सांगते, दवाखान्याचं काम मी परत आणलं. सुट्टीच्या दिवशी या म्हटलं की यायचं, हात वर करायचे नाहीत. कोट वेळेत गेले. पंख्यांना कुणी हात लावला नाही. शांतता होती, अगदी मालकांच्या वेळेसारखी. फक्त मी शेजारून गेले की रेडिओ बोलता बोलता थांबायची. इस्त्रीवाला माझ्याशी बोलताना इस्त्रीकडे बघून बोलायचा. आणि मी दिवसभर, कामं सांगताना, कापड मोजताना, काज-बटणांच्या टेबलाकडे बघायचे. मुख्य मी होते, पण कुणाला दोरा हवा असेल, डोकं धरलं असेल, घरी काही झालं असेल, तर पाय तिच्या टेबलाकडे वळायचे. खुर्ची मिळाली, बाकीचं सगळं तिच्याकडेच राहिलं. जळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आधीचं नुसतं धुमसणं होतं.

वर्ष संपलं. माझ्यासमोर इस्त्रीवाला उभा राहिला. या वेळी मी समोरच्या दुकानाचं नाव काढलं नाही. का ते विचारू नका, तोंडाशी आलं होतं, पण ती बटणांचा डबा घेऊन उभी होती आणि तिच्यासमोर ते बोलायची मला लाज वाटली.

मी हरले. चांगली आपटले. माझ्या कापडावर माझं स्वतःचं बटण होतं, कॉलरवाल्या बायकांची होती, आणि कडेला एक चुण्या पडून आवळलेलं. नवऱ्याने या वेळी लावलं होतं म्हणायचं. धाकटीचं मी माझ्या कापडावर शोधलं. नव्हतं. ते इस्त्रीवाल्याच्या कापडावर होतं, वरच्या कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल असं. दोन सरळ रेघा.

आधी वाटलं, बघा, शेवटी दात दाखवलेच. गेल्या वर्षी मोठ्या गोष्टी सांगत होती, आज मला पाडायला सगळ्यात पुढे. रात्री अंथरुणावर पडून मी हेच घोळवत होते, आणि मग एकदम लक्षात आलं. या वेळी ती घाबरली नव्हती. मी हरले तर काय करेन याची तिला गेल्या वर्षी भीती वाटली होती. या वर्षी वाटली नाही. तिने बिनधास्त मला पाडलं होतं.

मग मला झोपच आली नाही. तिने मला असं गृहीत का धरावं, याचा राग आला. आणि मला हरता येईल एवढं तिने मला मानलं, याचाही.

सकाळी मी मुद्दाम उशिरा निघाले. कारखान्याच्या दाराशी न जाता समोरच्या फुटपाथवर थांबले. रिकामं दुकान अजून रिकामंच होतं, पाटीला धूळ चढलेली. खिडकीत मला डोकी दिसत होती. इस्त्रीवाला, रेडिओ, कॉलरवाल्या, मागे आमच्या ह्यांचं टक्कल. मी कुठे वळते ते बघायला सगळे खिडकीला चिकटले होते. फक्त धाकटी नव्हती खिडकीत. ती तिच्या जागी बसली असणार, पाठ करून. तिला बघायची गरज वाटत नव्हती.

मी रस्ता ओलांडला. आत शिरले तर डोकी भराभर आपापल्या जागी गेली, कुणी कात्री उचलली, कुणी उगाच कापड झटकलं. मी किल्ली इस्त्रीवाल्याच्या टेबलावर ठेवली. "वर उचलून फिरव," म्हटलं. माझ्या मशीनवर कुणीतरी शर्टांचा गठ्ठा ठेवून दिला होता. बसले. हरून परत जागेवर बसायचं काम धाकटी गुणगुणत करते, मला ते दात-ओठ खात करावं लागलं, आणि याचाही मला तिच्याबद्दल हेवा वाटला.

पहिल्या शर्टाच्या दोन्ही बाह्या झाल्या आणि तो बटणांच्या टेबलाकडे गेला. मी बघणार नव्हते, पण बघितलं. तिने शर्ट उचलला, बाही उलटी केली, खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, सबंध गोल, जिथे सुरुवात केली होती तिथे परत येईपर्यंत. मग शर्ट सुलटा केला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

मला आनंद झाला असं कुणी समजू नका. मी मान खाली घातली आणि दुसऱ्या शर्टाची बाही लावायला घेतली.